किल्लीला बांधलेले देव

"आमची गाडी" असं मी अजूनही म्हणून जाते आणि मग माझी मलाच लाज वाटते. गाडी आमची कधीच नव्हती. ती आप्पासाहेबांची होती. सांगलीत आप्पासाहेबांची हळदीची वखार होती, माझे वडील, म्हणजे आबा, त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते, आणि वखारीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. गाडी आमच्या दाराला लागून पत्र्याच्या शेडात उभी असायची आणि तिची किल्ली आमच्या देवळीत, देवांच्या शेजारी. त्यामुळं माझा तसा समज झाला असेल तर मला कुणी बोल लावू नये. त्या घरात सगळंच हळदीचं होतं. अंगणात हळद, हवेत हळद, वाळत घातलेल्या कपड्यांवर हळद. माझा शाळेचा पांढरा ब्लाउज कधी पांढरा दिसला नाही. वर्गातल्या मुली विचारायच्या, "मंगल, आज कुणाचं लगीन?" मी चिडायचे. मला चिडायला तेव्हाही फार काही लागत नसे, आताही लागत नाही.

सकाळी आमच्याकडे दोन आवाज एकदम सुरू व्हायचे. आत आई भाकरी थापायची आणि बाहेर आबा गाडी सुरू करून, बॉनेट उघडून, मान तिरकी करून इंजिन ऐकत उभे राहायचे. ते आतल्या दिशेनं ओरडायचे, "अगं जरा थांब की, तिचं ऐकू दे मला." आई थापणं थांबवायची नाही. "तिचं ऐका आन तिच्याच हातचं खावा," म्हणायची आणि मुद्दाम जोरात थापायची. मग आबा हसत आत यायचे, हात धुवायचे आणि तव्यावरच्या गरम खरड्याशी भाकरी खायचे. शेंगदाण्याचं कूट घातलेला, डोळ्यांतून पाणी काढणारा तो खरडा. जेवून झालं की धुतलेला शर्ट घालून ते निघायचे. मला त्यांनी त्या गाडीत कधी बसूसुद्धा दिलं नाही. "मालकाची हाय," एवढंच म्हणायचे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल झालं होतं तेव्हा वास उडून जातोय म्हणून हा माणूस आप्पासाहेबांना जेवणाच्या पाटावर जाऊन सांगून आला होता. काकी, म्हणजे आप्पासाहेबांच्या बायको, त्यावर किती दिवस हसत होत्या.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती मिरजेच्या रस्त्यावर. आचके देत पडली असती तर आबांना कळलं असतं. पेट्रोल संपत आलं की गाडी धक्के खाते, नळीत कचरा अडकला की गुदमरते, हे त्यांना पाठ होतं. ही तशी पडायची नाही. चांगली चालता चालता एकदम गप्प. आणि पुन्हा किल्ली फिरवली की लगेच सुरू, जसं काही झालंच नाही. पुढं आठ दिवस काही नाही, आणि मग एका सकाळी दोनदा. आबांनी गाडी यासीन मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री त्यांचा जुना दोस्त, दोघं एकाच गॅरेजात शिकलेले. त्यानं कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, कॉईल बदलली. इंजिन तापून पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं गुंडाळायला सांगितलं. आबा त्या उन्हाळ्यात पाण्याचा डबा आणि फडकं घेऊन हिंडले. गाडी पडायची ती पडतच राहिली. गंमत म्हणजे मिस्त्रीकडे ती कधीच पडली नाही. त्यानं स्वतः चालवून बघितली, खड्ड्याखुड्ड्यांतून फिरवली, आणि हात पुसत म्हणाला, "दत्तू, गाडीत काय न्हाई रं गड्या."

आईनं मात्र आपल्या परीनं इलाज सुरू केला होता. तिचं माहेर माणदेशातलं, म्हसवडच्या बाजूचं. पहिल्याच वेळी माझा मामा सिद्धनाथाचा पितळी टाक घेऊन आला आणि आईनं तो काळ्या दोऱ्यानं गाडीच्या किल्लीला बांधला. नंतर मिस्त्रीच्या बायकोनं, रशीदाचाचीनं, दर्ग्यातला ताईत पाठवला. तोही बांधला. आई म्हणाली, "कुणाचा का असंना, गाडी चालल्याशी मतलब." मग कवठे महांकाळहून देवीची ताईतासारखी तांब्याची पेटी आली, शिराळ्याहून कुणीतरी पितळेचा नागोबा आणला, काकींनी पद्मावतीचं नाणं दिलं. गाडी पडली की एक देव वाढायचा. मिस्त्रीकडे गाडी जायच्या आधी आई सगळे देव सोडवून घ्यायची, कारण गॅरेजात किल्ली कुणाकुणाच्या तेलकट हातांतून जाते. गाडी परत आली की धूप दाखवून पुन्हा सगळे बांधायची. आबा म्हणायचे, "किल्ली हाय का देव्हारा?" पण त्यांनी कधी सोडायला लावले नाहीत. त्यांनाही तेवढाच आधार वाटत असावा.

हे सगळं असंच हसतखेळत चाललं असतं. पण गाडीत दोष नाही असं मिस्त्री जितक्या वेळा सांगायचा तितका लोकांना दोष दुसरीकडे दिसायला लागला. त्या काळी पेट्रोल काढून विकायचं आणि टाकीत तेवढंच रॉकेल ओतायचं, हे काही ड्रायव्हर करत असत, आणि मग गाड्या बंद पडत. वखारीचे दिवाणजी एक दिवस भर अंगणात आप्पासाहेबांना म्हणाले, "मिस्त्री म्हणतोय गाडी चांगली हाय. मग वाईट कोण हाय, एवढंच बघायचं ऱ्हायलं." आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. पण शंका आली की ती तपासून घ्यायची त्यांची व्यापाराची सवय होती. हळदीचं पोतं जसं चारचौघांसमोर फोडून बघायचं तसंच त्यांनी हेही केलं. आबांना नळी घालून टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढायला लावलं. तळहातावर ओतून चोळलं, हुंगलं, मग दिवाणजींना हुंगायला दिलं, मग हमालाला. अंगणात बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या, त्यांत माझी आई होती. सगळ्यांचे हात थांबले होते. आबा बाटली धरून उभे होते आणि एकेक जण येऊन त्यांच्या हातातलं हुंगून जात होता. मी शाळेतून आलेली, दारात दप्तरासकट. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पाऊस यावा, आग लागावी, काहीही व्हावं आणि हे थांबावं. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "मला तर काय कळंना. बघू." म्हणजे चोर आहे असंही म्हणाले नाहीत आणि नाही असंही.

त्या "बघू"नं आमचं घर खाल्लं. रेशनच्या दुकानासमोर मी रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभी होते तर मागची बाई मोठ्यानं म्हणाली, "तुमच्यात कशाला लागतंय गं, बा आणतोय की." रांग हसली. मी डबा रिकामाच घेऊन घरी आले. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात स्टो पेटला नाही. रॉकेलचा डबा हातात घेऊन आमच्यातलं कुणी कुणाला दिसायला नको म्हणून आई पहाटे चहासुद्धा चुलीवर करायची, धुरानं खोकत. आबांचं जेवण कमी झालं. ते खरडा खायचे नाहीत, ताकात भाकरी कुस्करून गिळायचे आणि उठायचे. गाडी ऐकत उभे राहायचे तेव्हा आता आई थापणं थांबवायची, आणि त्या शांततेत इंजिन इतकं सुरेख चालायचं की आम्हा सगळ्यांनाच ती गाडी खोटारडी वाटायला लागली.

माझ्या पुतण्याची गाडी आहे, इथं साताऱ्यात. तिला किल्लीच नाही, बटण दाबायचं. दोष आला तर म्हणे कॉम्प्युटर जोडतात आणि तो पडद्यावर लिहून येतो. मी त्याला म्हटलं, बरंय बाबा, कुणाचा हात हुंगायला नको. त्याला काही कळलं नाही. त्याला सांगत बसायचा मला कंटाळा आला.

तर आप्पासाहेबांची मुलगी शैलाताई साताऱ्याला दिलेली होती. तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. आप्पासाहेबांनी निघायच्या आदल्या दिवशी आबांना बोलावून सांगितलं, "दत्तू, पोटुशी पोर गाडीत असणार. ह्या खेपेला गाडी पडली तर मी दुसरा माणूस बघणार. मग काय बोलू नकोस." खोली वखारीची होती, म्हणजे नोकरी गेली की छप्परही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. काकींना सामानसुमान उचलायला कुणीतरी बाईमाणूस पाहिजे होतं, म्हणून त्यांनी आईला सोबत घेतलं, आणि घरी मी एकटी कशी राहणार म्हणून मलाही. अशी मी जन्मात पहिल्यांदा आमच्या गाडीत बसले. पुढची सीट तेव्हा लांब, सलग असायची. मला गाडी लागते हे इस्लामपूरच्या आधीच सगळ्यांना कळलं, त्यामुळं मी खिडकीशी आणि आई मधे, आबांच्या शेजारी. मालकासमोर नवऱ्याला चिकटून बसायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पदर कपाळापर्यंत ओढून ती अंग चोरून बसली होती आणि तिच्या गुडघ्यासमोर किल्लीला लटकलेले तिचे सगळे देव हेलकावे खात होते.

जाताना गाडी पडली नाही. आबांनी ती जपून, हळू चालवली. शैलाताईच्या सासरी जेवण झालं, आईनं आणि मी पडवीत बसून पुरणपोळी खाल्ली, ओटी भरली, आणि आम्ही परत निघालो. आता मागे आप्पासाहेब, काकी आणि मधे शैलाताई. उंब्रजच्या पुढं, हमरस्त्यावर, मागून ट्रक लागलेला असताना गाडी गप्प झाली. ट्रकवाला कर्णा वाजवत, शिव्या देत अगदी अंगावरून गेला. शैलाताई किंचाळली. आबांनी गाडी कडेला घेतली. मागून आप्पासाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "किती वतलंस रं दत्तू? खरं सांग. पोरीच्या जिवावर तरी नको हुतं." आबांनी वळून न बघता किल्ली फिरवली. मानेवरची शीर तेवढी उडताना दिसत होती. वडिलांच्या मानेकडे बघायची लाज वाटावी अशी वेळ कुणावर येऊ नये. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा आईनं हात पुढं करून देवांचा तो सगळा झुबका मुठीत धरला. तिचे ओठ हलत होते. कऱ्हाड गेलं, खडबडीत रस्ता आला, गाडी पडली नाही. पेठनाक्यापर्यंत तिनं मूठ सोडली नाही आणि गाडी एकदाही चुकली नाही. देव ऐकतोय असं मला स्पष्ट दिसत होतं. पेठनाक्याला चहाला थांबलो, तिथंही आई उतरली नाही, आबांनी किल्ली काढून नेली तेव्हाच तिनं हात मोकळा केला. त्यानंतर निघालो तेव्हा मात्र तिनं हात मांडीवर ठेवला, मुंग्या आल्या होत्या म्हणून असेल. आष्ट्याच्या अलीकडे एक खड्डा आला आणि गाडी गप्प.

आबांनी परत सुरू केली. आईनं मूठ धरली, तीन-चार खड्डे गेले, काही झालं नाही. मग मी तिला बघितलं. तिनं जाणूनबुजून मूठ सोडली आणि त्या लोंबत्या झुबक्याकडे बघत राहिली. खड्डा आला, झुबका खाली हिसका खाऊन आपटला, किल्ली कुलपात तिरकी झाली, गाडी गप्प. आईचे ओठ हलायचे थांबले होते. भिंतीतल्या खुंटीला फार जड पिशवी अडकवली की खुंटी हलायला लागते, हे घर सांभाळणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं पुन्हा मूठ धरली आणि आम्ही पुढं निघालो. आता सांगली फार लांब नव्हती. तिनं तशीच मूठ धरून ठेवली असती, घरी गेल्यावर गुपचूप देव सोडले असते, तर गाडी पुन्हा कधी पडली नसती आणि तिच्या देवांना कुणी नावं ठेवली नसती. पण मग उंब्रजला जे विचारलं गेलं होतं ते तसंच राहिलं असतं.

"आवं, गाडी बाजूला घ्या," आई म्हणाली. आप्पासाहेबांसमोर तिनं तोंड उघडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी गाडी थांबवली. आईनं पदर सारखा केला, मागं वळली, पण बघितलं खालीच. "आप्पासाहेब, हे रॉकेल न्हाई. हे माझं देव हायत. मी बांधत ग्येले, लय जड झाल्यात. किल्ली वडली जातीया त्येंच्यानं. मिस्त्रीकडं जाताना मीच सोडून ठेवती, म्हणून त्येला कवा गावलं न्हाई. ह्येंनी काय केलं न्हाई." आबांनी चालू इंजिनात दोन बोटांनी झुबका खाली ओढला. इंजिन बंद. सुरू केलं, ओढला, बंद. आप्पासाहेब पुढं वाकून बघत होते.

आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. "अगं बाई, देवांनीच गाडी पाडली व्हय?" काकी हसल्या, शैलाताई पोटावर हात ठेवून हसली. एवढ्या दिवसांची भीती सगळ्यांच्या अंगातून अशी बाहेर पडत होती. मग आबा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. स्टिअरिंगवर हात आपटून आप्पासाहेबांना म्हणाले, "खुळी हाय वो बायको माझी, अगदी खुळी हाय." आई झुबका सोडवायला लागली. काळ्या दोऱ्याच्या गाठी तिच्या बोटांना सुटेनात, म्हणून तिनं दातानं तोडल्या आणि एकेक देव पदरात घेतला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आबांच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं होतं ते मला आता कळतं, आणि सुटलेला माणूस कशालाही हसतो हेही कळतं. पण आजही ते हसणं आठवलं की लाजेनं माझा जीव अर्धा होतो. सांगलीपर्यंत गाडी एकदाही पडली नाही आणि आई एकदाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वखारभर गोष्ट झाली होती. आप्पासाहेबांनी ती येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्याला सांगितली. दिवाणजींनी अंगणात हातवारे करून सांगितली. रॉकेलचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि तो चुकून काढला होता असंही कुणी म्हणालं नाही. हळद निवडणाऱ्या बायका आईला म्हणाल्या, "आमचा नवरा लय पळतोय, त्येच्या कमरंला एक देव बांध की." आई हळकुंडं निवडत राहिली, गड्डे एका बाजूला, तुटकी कणी एका बाजूला. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. दारात बसून मी ते सगळं ऐकलं.

दुपारी आबा मिस्त्रीकडून गाडीच्या किल्लीचं नवं कुलूप बसवून आले; अगदी पहिल्यांदा पडली ती जुन्या कॉईलनं, ती बदलली होतीच, आणि पुढचं सगळं झिजलेल्या कुलपावर देवांच्या ओझ्यानं, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. दिवाणजींनी त्यांना बघून पुन्हा तेच सुरू केलं. मग, जिथं त्यांनी बाटली धरली होती तिथंच आबा येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवाणजी, हसून झालं असंल तर माझंबी ऐका. मला गावलं न्हाई, यासीनला गावलं न्हाई, ते हिनं शोधून काढलं. आन आपल्या तोंडानं सांगितलं. ती गप बसली असती तर मी जन्मभर चोर ऱ्हायलो असतो. खुळी ती न्हाई."

बायकांनी माना खाली घातल्या. आबा आईकडे बघत होते, ती काहीतरी म्हणेल म्हणून. आईनं सुपातलं हळकुंड उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि मान वर न करता म्हणाली, "हे काल रस्त्यावर बोलायचं हुतं."